गळतीचं पाणी

९ जानेवारी

कामाची वही वेगळी आहे. तिच्यात मातीचा ओलावा, वाऱ्याचा वेग, पिकाची उंची एवढंच लिहायचं. 'मला वाटतं' हे शब्द तिथे चालत नाहीत. मला मात्र पुष्कळ काही वाटतं, म्हणून आजपासून ही दुसरी वही.

ठिबक सिंचनाचा प्रकल्प मंजूर झाला. सर, म्हणजे आमच्या संशोधन केंद्राचे संचालक, सकाळी स्वतः माझ्या टेबलाशी आले. "आता ते खोरं तुझं," म्हणाले. खोरं तसं आधीपासून माझंच. मी तिथेच वाढले. वरच्या अंगाला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, मग रस्ता, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे खालची वस्ती. वरच्या बागांपैकी एक आमच्या दादाची. खालच्या वस्तीत मावशी.

प्रयोगासाठी बाग द्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी दादाला फोन केला. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, बाग वाळली तर?" मी म्हटलं, वाळणार नाही. "ते झालं, पण वाळली तर?" मी म्हटलं, तर मी जन्मभर तुझ्याकडे फुकट राबेन. "म्हणजे आणखी नुकसान," म्हणाला, आणि तयार झाला.

खोऱ्यात अजून पाट फोडून पाणी मोकाट सोडतात. माझ्या अंदाजाने त्यातलं निम्मं झाडाच्या तोंडी लागतच नाही, खाली मुरून जातं. आमच्या तक्त्यात त्या रकान्याचं नाव 'गळती'. घरात रोज निम्मं दूध उतू गेलं असतं तर कोणी गप्प बसलं असतं का?

४ फेब्रुवारी

दादाच्या घरची मागची खोली मिळाली आहे. अर्ध्या खोलीत रिकामे क्रेट छतापर्यंत रचलेले, उरलेल्या अर्ध्यात मी. गंधकाच्या भुकटीचा वास कपड्यांतही शिरला. वहिनीने खिडकीखाली टेबल लावून दिलं आणि वर विचारलं, "इथे बसून लिहिलं की झाडांना पाणी पोचतं का?" तिचं बोलणं असंच. मनात काही नसतं.

बागेत ठिबकच्या नळ्या अंथरून झाल्या. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी दोन तोट्या, मुळाशी ओलावा मोजणारे सेन्सर. दादा पहिल्या झाडाशी उकिडवा बसून बराच वेळ थेंब बघत राहिला. "हे पाणी देणं आहे की सलाईन लावणं?" म्हणाला. मग बायकोला हाक मारून म्हणाला, "ये, पेशंट बघून घे."

फिल्टर रोज धुवावा लागतो. ते काम वहिनीकडे आलं. मी तिला एकदा दाखवलं, तिला लगेच जमलं.

२२ मार्च

मावशीकडे गेले. आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. त्यानंतर दादाला आणि मला मावशीनेच वाढवलं. स्वतःला मूल नव्हतं म्हणून नव्हे, आम्ही होतो म्हणून. असं तीच म्हणते. काका गेल्यापासून एकटी राहते. घरामागे भाजीचा मळा, चार शेळ्या, एक विहीर. भाजी विकून तिचं छान चालतं. हात अजून तसाच खरखरीत. डोक्यावरून फिरवला की केस अडकतात.

जेवताना म्हणाली, "विहीर उतरलीय गं यंदा. त्या पुलाचं काम झालं ना, त्यात झरा तुटला."

ओढ्यावर नवा पूल झाला आहे. मी तिला कागदावर चित्र काढून समजावलं की खांबांचा पाया इतका उथळ आहे की त्याने झरा तुटणं शक्य नाही. आणि पूल विहिरीच्या खालच्या अंगाला आहे, वरच्या नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. "बरं बाई. तू शिकलेली," म्हणाली, आणि पानात आणखी वाढलं.

लोकांना कारण हवं असतं, आणि जे नवं दिसतं त्यालाच ते चिकटवतात. यावर एक छोटा लेख लिहिता येईल.

१ जून

आकडे अपेक्षेपेक्षा चांगले आहेत. दादाच्या बागेला नेहमीच्या निम्म्या पाण्यात भागलं आणि पानं जास्त हिरवी. गळतीचा रकाना जवळजवळ कोरा. मी तो तक्ता दोनदा बघितला, मग उगाच तिसऱ्यांदा.

भूजल विभागातला आमचा सहकारी खोऱ्यातल्या विहिरींची पातळी मोजायला येतो. सारखा विहिरीत वाकून बघतो म्हणून केंद्रात सगळे त्याला पाणबुड्या म्हणतात. त्यालाही चालतं. खरं म्हणजे पातळी महिन्यातून एकदा मोजली तरी पुरते, पण तो दर रविवारी येतो. मोजून झालं की ओट्यावर बसून वहिनीच्या हातचा चहा घेतो आणि माझं बोलणं ऐकतो. घरी एकटा असतो, करमत नसेल. वहिनी आज म्हणाली, "विहिरीचं पाणी रविवारीच हलतं वाटतं." मी तिला सांगितलं की पातळीचा वाराशी संबंध नसतो. ती हसत आत गेली.

१८ नोव्हेंबर

आज पाहणीचा दिवस होता. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. पाटबंधारे खात्याचे मोठे अधिकारी, दोन पाहुणे शास्त्रज्ञ, आसपासचे सगळे बागाईतदार. सरांनी दादाला बोलायला उभं केलं. मला वाटलं होतं हा विनोद करील, पण तो शांतपणे बोलला. म्हणाला, "आमचे वडील पाणी देताना रात्र रात्र पाटावर उभे राहायचे. माझ्या बहिणीने मला झोप दिली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला समोरचं काही दिसेना.

मग दादाने सगळ्यांना वरचा माळ दाखवला. पाटाच्या पाण्याचा त्याचा वाटा तेवढाच आहे, पण निम्मं पाणी वाचलं, म्हणून त्याने माळ सपाट करून तिथे डाळिंबाची नवी रोपं लावली आहेत. जिथे गवत नीट उगवत नव्हतं तिथे ओळीच्या ओळी. अधिकारी म्हणाले, "वाचवलेल्या पाण्याने माळ हिरवा केलात." सरांनी ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घेतलं.

मावशीही आली होती, मागे उभी होती. गडबडीत तिच्याशी बोलायचं राहून गेलं. वहिनी म्हणाली की ती शेळ्या विकायचं म्हणत होती. वय झालं आता, होत नसेल तिच्याने.

६ जानेवारी

नवं वर्ष. सरांनी अहवालाचा मसुदा मागितला आहे. बाकीच्या बागाईतदारांनीही आपापल्या खर्चाने ठिबक बसवायला सुरुवात केली. पाटाच्या कडेने फिरलं की सगळीकडे काळ्या नळ्यांची वेटोळी. आणि प्रत्येकाचा एकेक माळ, एकेक उतार नांगरून तयार.

मावशीच्या विहिरीचा तळ दिसतो म्हणे. यंदा पाऊस कमी झाला असावा. नोंदी बघितल्या तर नेहमीइतकाच. मग नोंदीत चूक असेल.

१६ फेब्रुवारी

पाणबुड्याशी भांडण झालं.

तो रविवारी येतो तसा आला, पण चहा घेतला नाही. ओट्यावर माझा तक्ता पसरला आणि गळतीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे पाणी आधी होतं. आता नाही. मग आधी ते जात कुठे होतं?"

"खाली. मुरत होतं."

"मुरून कुठे?"

"अरे, वाया..." म्हणता म्हणता मी थांबले.

त्याने स्वतःचा कागद काढला. खालच्या वस्तीतल्या विहिरींची पातळी. वरच्या बागा एकेक करून ठिबकवर गेल्या तसतशा त्या विहिरी उतरल्या आहेत. आधी दादाच्या बागेसमोरची मावशीची, मग तिच्या डावीकडची, मग उजवीकडची. "वरून मुरलेलं पाणी हेच या विहिरींचं पाणी," तो म्हणाला. "तू ते थांबवलंस. वाचलेलं पाणी दादांनी माळावर नेलं. खोऱ्यात पाण्याचा एक थेंब वाचलेला नाही. फक्त खालच्यांचं वर गेलंय."

मी त्याला बरंच बोलले. विहिरी उतरायची शंभर कारणं असतात, तुझ्याकडे दोन वर्षांच्याही नोंदी नाहीत, मत्सर वाटत असेल तर तोंडावर सांग. शेवटचं बोलायला नको होतं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "मत्सर कशाचा वाटणार," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "तुझ्या मावशीकडे जाऊन ये."

२३ फेब्रुवारी

रविवार. तो आला नाही.

२५ फेब्रुवारी

मावशीकडे गेले. विहिरीच्या काठावर बसून राहिले. तळाशी हिरवट डबकं, त्यात एक बादली आडवी पडलेली. मळ्यात वाफे आखलेले आहेत, आत काही नाही. गोठ्यात शेळ्या नाहीत. मी हे सगळं महिन्याभरापूर्वी बघितलं असतं, जर आले असते.

मी तिला सांगितलं. चित्र नाही काढलं. पुलाने झरा तुटला नाही, मावशी, माझ्या नळ्यांनी तुटला. दादाच्या बागेतून जे पाणी खाली उतरायचं, ते तुझं होतं. मी त्याला गळती म्हणत होते.

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "पुलाचंच असू दे."

"मावशी, पण ते खरं नाही."

"असू दे. पुलाशी काही माझं नातं नाही. त्याच्या घरी मला जेवायला जायचं नसतं."

निघताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. नेहमीसारखाच.

५ मार्च

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत, त्यांनी दार लावून घेतलं आणि नीट ऐकलं. मग म्हणाले, "तू म्हणतेस ते शक्य आहे. पण आपल्याला विचारलेला प्रश्न काय होता? झाडामागे पाणी किती लागतं. त्याचं उत्तर आपण दिलं, आणि ते बरोबर आहे."

"पण सर, प्रश्नच अपुरा होता."

"सगळेच प्रश्न अपुरे असतात. तू अहवालात एक परिच्छेद घाल. मी तो काढणार नाही, शब्द देतो." मग म्हणाले, "आणि हे बघ, तू बाहेर पडलीस तर हा परिच्छेदही कोणी लिहिणार नाही. माणसाने आत असावं. आत असलं की काहीतरी करता येतं."

बस थांब्यापर्यंत चालताना मला त्यांचं बोलणं पटलं. बसमध्ये बसल्यावर पटेनासं झालं. आता पुन्हा थोडं पटतंय.

१२ एप्रिल

दादाशी बोलायचं टाळत होते. आज बोलले. तो वरच्या माळावर रोपांना बांबूचा आधार बांधत होता. मी म्हटलं, माळाचं पाणी बंद कर. जुन्या बागेला ठिबक असू दे, वाचलेलं पाणी खाली मुरू दे.

"आणि ही झाडं?"

मी ओळीतल्या रोपांकडे बघितलं.

"उपटू?" त्याने सुतळी दातांनी तोडली. "वांगी-टोमॅटो असते तर एक हंगाम रान पडीक ठेवलं असतं. झाड म्हणजे जेवणारं माणूस आहे. आजचं जेवण उद्या देतो म्हटलं तर ऐकत नाही. हे तू शिकलीस की नाही?"

"तुझ्या घासातला निम्मा मावशीच्या ताटातला आहे, दादा."

त्याने पुढच्या रोपाशी बांबू रोवला. मग म्हणाला, "मी झाडं लावली तेव्हा टाळ्या कोण वाजवत होतं? पुढे उभी राहून? मला तेव्हा कोणी सांगितलं का, की बाबा, हे कोणाचं आहे?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तो जेवायला बसला नाही. वहिनी मला म्हणाली, "त्यांनी रोज सकाळी मावशीकडे पाण्याचे कॅन न्यायला सुरुवात केलीय, तुम्ही बोलायच्या आधीपासूनच. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते." मग फिल्टर धुवायला गेली. थंड पाण्याने तिच्या बोटांना भेगा पडल्या आहेत. मी हे आजच पाहिलं.

२७ एप्रिल

आनंदाची गोष्ट. दादा सकाळी आपणहून म्हणाला, "तुझं ते मुरवायचं काय आहे, ते करून बघू." बागेच्या खालच्या कडेला त्याचा एक रिकामा तुकडा आहे. पाटाच्या या पाळीला वाट्याला आलेलं सगळं पाणी त्याने तिथे मोकाट सोडलं, पूर्वीसारखं. तिघं बांधावर बसून बघत राहिलो. पाणी जमिनीत जाताना बुडबुडे येतात, त्यांचा आवाज मी विसरून गेले होते. वहिनी म्हणाली, "एवढं शिकून शेवटी पाट फोडलाच." दादा हसला. कितीतरी दिवसांनी.

पाणबुड्याला फोन केला. तो लगेच आला, रविवार नसताना.

४ मे

मावशीच्या विहिरीत पाणी हातभर वर चढलं आहे. पाणबुड्याने टेप सोडून मोजलं, मग मी मोजलं, मग मावशीनेही हट्टाने मोजलं. तिने दोन वाफे भिजवले आणि मेथी पेरली. म्हणाली, "पुलाला पश्चात्ताप झाला वाटतं."

सगळ्या बागाईतदारांची बैठक बोलवायचं ठरवलं. प्रत्येकाने चार पाळ्यांतली एक मुरायला सोडली तरी खालची वस्ती टिकेल. हे पाणबुड्याने मांडून दाखवलं आहे, मी तपासलं आहे. होण्यासारखं आहे.

१० मे

बैठक झाली. सगळे आले, सगळ्यांनी मान डोलावली. एक म्हातारे बागाईतदार म्हणाले, "खालची माणसं आपलीच आहेत." कोणीही विरोध केला नाही. पहिल्यांदा कोणी सोडायचं, एवढाच प्रश्न निघाला. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघितलं. शेवटी ठरलं की पुढच्या पाळीपासून सगळ्यांनी एकदम सोडायचं.

२१ मे

पाळी आली आणि गेली. कोणी सोडलं नाही. जो तो सांगतो, बाकीचे सोडणार असतील तर माझी ना नाही. एकाने तर मलाच विचारलं, "एकट्या माझ्या पाण्याने काय होणार?"

दादाने सोडलं असतं. पण ऊन असं आहे की माळावरची रोपं माना टाकून उभी आहेत. तो सकाळी पाटावर गेला, पाणी अडवायचं दार हातात धरून उभा राहिला आणि पाणी माळाकडे वळवून परत आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "एवढी एक पाळी." मी म्हटलं, ठीक आहे. दुसरं काय म्हणणार होते.

१५ जून

मेथी वाळली. मावशीने ती उपटून वाफे पुन्हा आखून ठेवले आहेत.

८ ऑगस्ट

अहवाल छापून आला. सरांनी शब्द पाळला आहे. माझा परिच्छेद शेवटच्या परिशिष्टात, अक्षर बारीक, पण एक शब्दही बदललेला नाही. मुखपृष्ठावर दादाचा माळ. आत पहिल्याच पानावर 'वाचवलेल्या पाण्याने माळ हिरवा'. पाटबंधारे खात्याने पूर्ण खोऱ्यासाठी ठिबक मंजूर केलं आहे. ज्यांनी अजून बसवलं नव्हतं त्यांनाही आता नळ्या मिळतील.

पाणबुड्याने वेगळं टिपण लिहून थेट खात्याला पाठवलं होतं. मला दाखवलं नव्हतं. माझी सही नको होती म्हणे, माझं नाव त्यात अडकू नये म्हणून. त्याच्याकडून विहिरींचं काम काढून घेतलं आहे. तो आता नमुन्यांच्या बाटल्या ठेवतात त्या तळघरात बसतो. सरांना विचारलं तर म्हणाले, "तात्पुरतं आहे."

३० ऑगस्ट

पाणबुड्या रविवारी आला. दुसरीकडे नोकरी मिळाली आहे, समुद्राकाठच्या कुठल्याशा केंद्रात, इथून फार लांब. वहिनीने चहा दिला आणि आपण आत निघून गेली. एरवी तासभर आमच्यात बसते.

तो कप फिरवत बसला. म्हणाला, "तिथे तुझ्या विषयाचीही एक जागा निघणार आहे."

मी म्हटलं, माझं खोरं अर्ध्यावर आहे, मी कशी येऊ?

"हो. ते आहेच." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तुला मला काही विचारायचंय का?"

खूप काही विचारायचं होतं, पण त्या क्षणी कामाचं तेवढं आठवलं. पातळी मोजायची टेप कुठे ठेवलीस, असं विचारलं. तो जरा हसला. गाडीतून टेप आणून दिली, तिचं टोक कसं अडकतं आणि कसं सोडवायचं तेही दाखवलं. निघताना वहिनीला हाक मारून सांगून गेला.

वहिनी रात्री जेवताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. का कोण जाणे.

११ ऑक्टोबर

वरच्या बागांत आता बोअर घेताहेत. पाटाचं पाणी जुन्या बागा आणि नव्या माळांना पुरेनासं झालं आहे. रोज कुठून तरी यंत्राची घरघर ऐकू येते. दादाही घेणार. मी त्याला काही म्हटलं नाही. त्याच्या शेजाऱ्याने घेतला, आता याने नाही घेतला तर याची झाडं वाळतील आणि पाणी शेजारी नेईल. हे गणित मीच त्याला एकदा बैठकीत फळ्यावर मांडून दाखवलं होतं, असं करू नका म्हणून.

खालच्या वस्तीतली तीन घरं बंद झाली. माणसं शहराकडे गेली. पाणबुड्याची टेप मी मावशीच्या विहिरीत सोडली. ती कोरडीच वर आली.

२ नोव्हेंबर

मावशीला वर आणलं. दादाने आणि मी टेम्पोत सामान भरलं. सामान ते काय. भांडी, गादी, खुरपी. तिने घराला कुलूप लावलं, मग काढलं. म्हणाली, "कुलूप कशाला. आत काय आहे?" दादाने तिच्या हातातून कुलूप घेतलं आणि स्वतः लावलं.

आता मागच्या खोलीत आम्ही दोघी. क्रेट ओसरीत हलवले. ती पलंगाच्या कडेला बसते, पाय जमिनीला पुरत नाहीत. तिला कधी कुठे असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. वहिनीने सांगितलं, मावशी, अंगणात चार वाफे करा, तोटीचं पाणी आहे. ती म्हणाली, "नको गं. कोणाचं असेल."

दादा तिथेच उभा होता. ऐकून बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत आत आला नाही.

१९ डिसेंबर

सरांचा फोन आला. शेजारच्या खोऱ्यात हाच प्रकल्प, चौपट मोठा, आणि प्रमुख मी. "तुझा परिच्छेद वाचून खात्याने तुझंच नाव सुचवलं," म्हणाले. "काळजी घेणारा माणूस हवा होता त्यांना."

मी विचार करायला वेळ मागितला, पण मनात ठरलं होतं. मी नाही गेले तर दुसरं कोणी जाईल, ज्याला गळती म्हणजे काय ते माहीतच नसेल. मी आधी खालच्या विहिरी मोजीन, मगच नळ्या टाकीन.

मावशीला सांगितलं. तिने विचारलं, "तेच नळ्यांचं?"

"हो. पण या वेळी नीट."

ती म्हणाली, "तिथे खाली कोण राहतं?"

सरांनी पाठवलेला नकाशा उघडून बघितला. बंधारा होता, पाट होता, बागांचे गट नंबर होते. प्रकल्पाची हद्द ओढ्यापर्यंत. पलीकडे कागद कोरा.

सरांना परत फोन केला. म्हटलं, ओढ्यापलीकडचा भाग प्रकल्पात घ्या, तिथल्या विहिरी आधी मोजायला हव्यात. ते म्हणाले, "पलीकडचं आपल्याकडे नाही, मंजुरीच तेवढ्याची आहे. तू आधी रुजू तर हो." मी नकाशाच्या कोऱ्या भागाकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, "ऐकतेयस ना?" मी म्हटलं, हो सर. कधी यायचं? सोमवारी, म्हणाले.

२० डिसेंबर

उद्या निघायचं. मावशीने माझे कपडे घड्या घालून बॅगेत भरले; किती दिवसांनी तिच्या हाताला काम मिळालं.

"विचारलंस का त्यांना?" तिने विचारलं. "खालच्यांचं?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

"करू म्हणाले."

"बरं झालं," मावशी म्हणाली, आणि बॅग नीट बंद व्हावी म्हणून तिच्यावर दोन्ही हात दाबून उभी राहिली. मी चेन ओढली.